बेसूर आणि कणसूर

मराठीच्या मास्तराला शब्दांच्या जोड्या लावून पाहण्याची खोड असते. बेसूर आणि कणसूर ही माझी आवडती जोडी. बेसूर गाणे शेजारच्या बिऱ्हाडालाही कळते. ते खिडकी लावून घेतात. कणसूर फार थोड्यांना कळतो. सूर जागेवर बसल्यासारखा वाटतो, पण कणभर खाली किंवा वर राहिलेला असतो. एवढ्याशा उणिवेला स्वतंत्र शब्द देणाऱ्यांचे कान तिखट असले पाहिजेत.

असे कान जन्मतःच मिळावे लागतात, ही आपली समजूत. आमची धाकटी गाणे शिकू लागली, तेव्हा शिकवणीची पहिली पंधरा मिनिटे तंबोरा जुळवण्यातच जात. सौभाग्यवतींनी एकदा गुरुजींना विचारलेच, "मोबाईलमध्ये आयता तंबोरा मिळतो की! मग आम्ही फी गाण्याची द्यायची, की खुंट्या पिळण्याची?"

गुरुजी हसून म्हणाले, "वहिनी, गाणे तिथूनच सुरू होते."

त्यात तथ्य आहे. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एकाच षड्जात लावायच्या असतात. समजा, एक तार सेकंदाला २२० वेळा कंप पावते आणि दुसरी २२२ वेळा. मग दोन्ही मिळून आवाज सेकंदातून दोनदा फुगतो आणि ओसरतो. खुंटी हलके पिळली की हे हेलकावे मंदावतात. शेवटचा कण मणी सरकवून साधायचा. हेलकावे थांबले, की दोन तारांचा एकच सूर होतो. मुलाला प्रथम हा हेलकावा ऐकायला शिकवावे. सुराची पारख त्यामागून येते.

पुढची पायरी गांधाराची. तंबोरा नीट जुळला, की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार आपोआप उमटतो. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर हा गांधार षड्जापासून ३८६ व्या भागावर येतो. नेहमीच्या पेटीचा ४०० व्या भागावर. हा चौदा भागांचा फरक सरावलेल्या कानाला खुपतो. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला मज्जाव होता, त्यामागे अशा बारीक स्वरांचाही वाद होता. भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'त बावीस श्रुती सांगितल्या, त्याही सारख्या जुळवलेल्या दोन वीणांपैकी एक उतरवत नेऊन. तिथेही परीक्षक कानच!

मोबाईलचा तंबोरा वाईट नाही. प्रवासात तो मोठा सोयीचा. पण तो कधी उतरतच नाही. ज्या मुलाने उतरलेली तार ऐकली नाही, त्याला जुळलेल्या तारेचे मोल कसे कळावे?

घरी तंबोरा नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत एक खेळ करा. दोन मोबाईलवर एकाच पट्टीचा तंबोरा लावा. बारीक सूर बदलण्याची सोय असेल, तर एकाचा सूर वीस भाग उतरवा आणि मुलांना डोळे मिटून ओळखू द्या, खालचा कोणता. मग दहा, मग पाच. रोज दहा मिनिटे पुरेत.

आमच्या घरी ही पंधरा मिनिटे आता कोणी मोजत नाही. परवा धाकटी रियाजाला बसली होती. स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता आवाज आला, "अगं, जोडीतली एक तार उतरली आहे, आधी ती बघ!"