विश्लेषण : इंजिन ठणठणीत, तरी हेलिकॉप्टर डोंगरावर का आदळते?

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळच्या जंगलात कोसळले. वैमानिकासह सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील आई-वडील आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी होती. खोऱ्यात ढग उतरले होते, दिसत कमी होते, असे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. अशी बातमी वाचली की आपण आधी विचारतो, ‘इंजिन बंद पडले का?’ पण अनेकदा यंत्रात काहीच बिघाड नसतो.

‘नजरेचे’ उड्डाण म्हणजे काय?

उड्डाणाचे नियम दोन प्रकारचे. ‘आयएफआर’मध्ये वैमानिक उपकरणांच्या भरवशावर उडतो. ‘व्हीएफआर’मध्ये बाहेर पाहून : क्षितिज, नदी, रस्ता, डोंगर. केदारनाथ खोऱ्यातील यात्रेकरूंची हेलिकॉप्टरे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. ढगात शिरायचे नाही, ही त्यातली पहिली अट. पण डोंगरात ढगच हेलिकॉप्टरकडे चालून येतो.

ढगात गेल्यावर नेमके काय बिघडते?

बिघडते ते डोक्यात. आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळले की तो द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळते. वळण संथ आणि सारखे राहिले तर काही सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि ‘आपण सरळ आहोत’ असे वाटू लागते. इंजिनीअरिंगच्या भाषेत, हा सेन्सर फक्त बदल मोजतो, स्थिती नाही. एरवी डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांना पांढऱ्याशिवाय काहीच दिसत नाही.

१९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना अशी परिस्थिती दिली गेली. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ : १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत!

अनुभवी वैमानिकही फसतात?

हो. २६ जानेवारी २०२० रोजी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जणांचा बळी घेणारा अपघात याचे ठळक उदाहरण. वैमानिकाकडे उपकरणांवर उडण्याचा परवाना होता, कंपनीला मात्र परवानगी होती फक्त ‘व्हीएफआर’ची. ढगात शिरल्यावर ‘चार हजार फुटांवर चढतोय’ असे त्याने नियंत्रकाला कळवले. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत झपाट्याने खाली येत होते. अमेरिकी तपास यंत्रणेने इंजिनावर नव्हे, ढगात उड्डाण चालू ठेवण्याच्या निर्णयावर बोट ठेवले. ठरलेला बेत पूर्ण करण्याचा स्वतःवरच घेतलेला दबाव, हेही एक कारण नोंदवले गेले.

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर पडले, तेव्हा घातपाताच्या कितीतरी चर्चा रंगल्या. चौकशीत यांत्रिक बिघाड, घातपात, निष्काळजीपणा तिन्ही फेटाळले गेले. दरीत हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले, असा निष्कर्ष निघाला.

मग मागे का फिरत नाहीत?

फिरतातही, फक्त त्याची बातमी होत नाही. पण अरुंद खोऱ्यात वळायलाच जागा कमी, मागे प्रवासी बसलेले, हेलिपॅडवर पुढच्या फेरीची रांग. ‘अजून थोडे पुढे जाऊन पाहू’ हा विचार तिथेच येतो. गौरीकुंडच्या अपघातानंतर चारधामची हेलिकॉप्टर सेवा दोन दिवस थांबवण्यात आली होती.