काउंटरला हात लावून बघा

आमच्या शाखेचे ‘इंटिरिअर’ झाले त्या दिवसापासून मी दोन्ही हात खिशात घालून हिंडतो. हाताला बरे वाटावे असे तिथे काही उरलेलेच नाही! पूर्वी सागवानी काउंटर होते. दोन पिढ्यांच्या कोपरांनी त्याची कड अशी काही गुळगुळीत झाली होती, की कर्ज नाकारलेला माणूससुद्धा तिच्यावर घटकाभर रेलून जाई. आता ग्रॅनाइट आले. डेकोरेटर म्हणाला, “साहेब, लुक बघा!” मी म्हटले, “लुक बघितला. आता जरा हात लावून बघा.”

वास्तविक एकाच खोलीतले लाकूड आणि ग्रॅनाइट सारख्याच तापमानाचे असतात. पण दगड हाताची ऊब भराभर ओढून घेतो, लाकूड घेत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने ठेव ठेवण्याआधीच आमची वसुली सुरू!

मागची भिंत लाकडी आहे म्हणे. टकटक केले, तर सनमायका. या जातीचा मूळपुरुष फॉर्मायका. १९१२ साली अमेरिकेत तो जन्मला, तो विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला. ‘फॉर मायका’, म्हणजे अभ्रकाचा बदली कामगार! तो निदान नावात तरी प्रामाणिक होता. आम्ही त्याच्या अंगावर सागाच्या रेघा छापतो.

इथवर हसून सोडून दिले असते. पण फरशीचे काय? ती आरशासारखी चकचकीत. पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात आणि ही बया तो खोटा ठरवायला टपलेली! ऑक्टोबरातल्या एका अवकाळी सरीत एक आजोबा ओल्या चपलांनी आत आले आणि घसरले. काठी एकीकडे, पासबुक दुसरीकडे. डावे मनगट मोडले. आम्ही काय केले? ‘सावकाश चाला’ अशी पाटी लावली. तीही चकचकीत.

जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली अंधांसाठी उंचवट्यांच्या फरश्या शोधून काढल्या. १९६७ साली त्या ओकायामा शहरात बसल्या. तळपायालाही वाचता येते, हे त्या माणसाला कळले होते. आमच्या दारातही त्या पिवळ्या फरश्या आहेत. त्या नाकासमोर जातात आणि शोभेच्या कुंडीपाशी संपतात.

माझी मागणी फार नाही. दारापासून काउंटरपर्यंत खरखरीत फरशी, काउंटरला लाकडाची कड आणि कुंडी चार फूट बाजूला. पण आमच्या लेखी गिऱ्हाइकाला स्पर्श असतो तो फक्त अंगठ्यापुरता.

परवा ते आजोबा प्लास्टर मिरवीत आले. भिंत धरधरून काउंटरपाशी पोचले आणि उजवा अंगठा पुढे केला. यंत्र म्हणाले, “पुन्हा प्रयत्न करा.”