परवाना धन्याच्या खिशात, कोयता मजुराच्या हातात

दसरा-दिवाळी उलटली म्हणजे खानदेशातील कित्येक वाड्या-पाड्यांवर म्हातारी माणसे तेवढी मागे राहतात. साक्री व शिरपूर तालुक्यांतली, आणि 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारकडची भिल्ल, मावची, कोकणी वगैरे गरीब कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या व कडेवरची पोरे ट्रकात घालून ऊसतोडीस निघतात. कोणी गुजरातेत बारडोली, मढी, चलथाणच्या कारखान्यांकडे जातात, कोणी पुणे-कोल्हापूरकडे. उन्हाळा तापला म्हणजे ती परततात. तोवर त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी, आणि त्यांचे नाव म्हणजे ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता! माणसास हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत ज्याने काढली, त्याने मजुराची किंमतही त्याच वेळी ठरवून टाकली असे म्हणावे लागते.

हल्ली परदेशांत हंगामी मजुरांना द्यावयाच्या परवान्यांत, म्हणजे व्हिसात, सुधारणा करावी की नाही याविषयी मोठा वाद चालला आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या बागांतील फळे कोणी तोडावीत याच्याशी आमच्या कुणब्याला, लोहाराला वा सुताराला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण त्या वादाचे मूळ पाहिले म्हणजे तो आपल्या दारचाच वाद आहे हे ध्यानात येईल. तंटा एवढाच आहे की, मजुराच्या येण्याजाण्याचा कागद कोणाच्या हाती असावा? मजुराच्या, की धन्याच्या?

कॅनडाने 1966 साली जमेका बेटातून हंगामी शेतमजूर आणण्यास आरंभ केला. त्या मजुराच्या परवान्यावर मालकाचे नाव लिहिलेले असते. मालकाची मर्जी फिरली की मजुराने गाठोडे बांधावे. अमेरिकेने 1942 पासून 1964 पर्यंत मेक्सिकोतील लाखो माणसे शेतीसाठी आणली. आरंभीच्या काही वर्षांत त्यांच्या मजुरीतून दर शेकडा 10 कापून ‘तुमची बचत’ म्हणून ठेवण्यात आले, आणि ती बचत पुष्कळांच्या हाती कधीच पडली नाही. इंग्लंडने 2019 पासून सहा महिन्यांचा परवाना सुरू केला. तेथे जाणारे कित्येक गरीब लोक आपल्या देशी कर्ज काढून जातात, आणि ते फिटेपर्यंत तोंड उघडण्याची त्यांची छाती होत नाही. कतारच्या सरकारने मात्र 2020 साली, नोकरी बदलण्यास जुन्या मालकाची संमती पाहिजे, ही अट काढून टाकली. उशिरा का होईना, दुखणे कोठे आहे ते त्या सरकारास कळले.

आपल्या लोकांस हे नवे नाही. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातले मजूर पाच-पाच वर्षांच्या गिरमिटावर जात. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. तेथे एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. पुढे ती भरती बंद झाली. पण आज ऊसतोडीच्या फडात कोणी आजारी पडून ‘खाडा’ झाला म्हणजे मुकादम दंड लावतो, तो कोणत्या गिरमिटाने? मॉरिशसचा मळेवाला गेला, त्याची वही मात्र येथेच राहिली!

आमच्या मजुराला बारडोलीस जाण्यास व्हिसा लागत नाही हे खरे. त्याचा व्हिसा म्हणजे मुकादमाची उचल. भर पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरगी लग्नाची असते, अशा वेळी मुकादम रोकड घेऊन दारी येतो. त्या दिवसापासून ते कुटुंब त्याचे झाले. दुसरा कारखाना अधिक दर देत असला तरी तेथे जाता येत नाही. किती टन ऊस तोडला हे मुकादम लिहितो, खावटी किती घेतली हेही तोच लिहितो. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. आणि हिशेबाअंती बाकी निघाली तर ती पुढच्या सालावर चढते. कारखान्याकडे दाद मागावी तर तो म्हणतो, तू मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, दर कारखान्याचा. या दोघांच्या मध्ये मजूर रिकाम्या हाताने उभा!

यात बाईची गत काय होते हे सांगताना लेखणी थबकते. कोयता दोघांचा, पण उचल नवऱ्याच्या नावाने व मजुरीही त्याच्याच हाती. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी सरकारी समितीने केली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत वा दुखण्यात खाडा पडू नये ही धास्ती, आणि वर लोभी डॉक्टरांचा सल्ला! जो करार बाईस आपल्या देहाचा अवयव ओझे वाटावयास लावतो, त्यास करार म्हणावे की आणखी काही?

कायदे नाहीत असे नाही. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. पैसे आगाऊ घेतल्यामुळे मनाजोगत्या ठिकाणी काम करण्याची मोकळीक गेली, तर ती वेठबिगारीच होय, असे तो कायदा सांगतो. 1979 च्या कायद्याने परप्रांती नेलेल्या मजुराच्या हाती त्याच्या तसबिरीचे पासबुक देणे ठेकेदारावर बंधनकारक केले. घर सोडल्याबद्दल भत्ता व प्रवासखर्चही ठरवून दिला. वाचकहो, आपल्या गावातील किती ऊसतोड्यांच्या ट्रंकेत असे पासबुक आपण पाहिले आहे? पुढे तो कायदा 2020 च्या श्रमसंहितेत विलीन झाला व ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तीत प्रवासखर्च राहिला, पण घर सोडल्याचा भत्ता गेला. आणि पूर्वी पाच मजुरांस लागू होणारे नियम आता दहांना लागू होतात. सुधारणा या शब्दाचा हा अर्थ आम्हांस नवीन आहे.

महाराष्ट्रात साखर संघ व मजुरांच्या संघटना यांच्यात ठराविक मुदतीने दराचा करार होतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळाली. ही संघटनेची फळे आहेत. पण जो खानदेशी मजूर नवापूरची हद्द ओलांडून गुजरातेत गेला, त्याला या कराराचा काय उपयोग? बारडोलीच्या शेतकऱ्यांनी 1928 साली सारावाढीविरुद्ध लढून विजय मिळविला, त्याचा आम्हांस अभिमान आहे. त्याच मातीत आज ऊस तोडणाऱ्या परमुलखीच्या माणसास स्वतःचा हिशेब पाहण्याचा हक्क नसावा, हे त्या विजयास शोभत नाही.

कोणी म्हणेल, उचल बंद केली तर गरीब पावसाळ्यात खाईल काय? आणि उचल घेऊन पळून जाणारेही असतात, त्यामुळे कर्ज काढून पैसे वाटणारा मुकादम बुडतो, त्याचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणूनच उचल बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, उचल कारखान्याने स्वतः द्यावी, बिनव्याजी द्यावी, बँकेतून द्यावी व मजुराच्या पासबुकावर लिहावी. मग मुकादमास सावकारी करावी लागणार नाही आणि मजुरास त्याचे पाय धरावे लागणार नाहीत. नवऱ्याची व बायकोची मजुरी वेगवेगळी मांडून ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा व्हावी. वजनाची पावती रोजच्या रोज मिळावी. आजारपणाच्या खाड्यास दंड लावणे हा गुन्हा ठरावा. राहिलेली बाकी कारखान्यांनी आपसांत फेडून घ्यावी, पण मजुरास कारखाना बदलण्याची मोकळीक असावी. आणि मुंबई व गांधीनगर येथील दोन्ही सरकारांनी एकत्र बसून हद्दीपलीकडील मजुरासाठी एकच नोंदणी करावी. माल हद्द ओलांडतो तेव्हा त्याचा कागद बरोबर जातो. माणसाचा का जाऊ नये?

हे सर्व दुसऱ्यांस सांगून झाल्यावर आता आपल्या वाचकांशी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. आखाजीच्या दिवशी आपणही सालदार ठेवतो. कापूस वेचणीस सातपुड्यापलीकडून पावरा, बारेला मजूर आणतो. त्यांसही आगाऊ पैसे देतो. तेव्हा त्यांची वही कोण लिहितो? त्यांच्या बायकांची मजुरी कोणाच्या हाती देतो? दुखणे आले तर दिवस कापतो की नाही? कपाशीचा भाव पडला म्हणजे आपण व्यापाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो, आणि तेच नुकसान वेचणाऱ्याच्या मजुरीतून भरून काढतो, हे खोटे आहे काय? बारडोलीच्या मळेवाल्यास जो न्याय मागावयाचा, तो आधी आपल्या खळ्यावर देता आला पाहिजे. नाहीतर आपला शब्द कोणी ऐकणार नाही, आणि ऐकू नयेच.

यंदा ट्रक गावात येण्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधी वही करावी. कोण गेले, बरोबर पोरे किती, कोणत्या मुकादमाकडे, कोणत्या कारखान्यास, उचल किती, हे तीत लिहून खाली दोघांच्याही सह्या घ्याव्यात. गावात शिकलेली मुले आहेत. त्यांनी हे काम करावे. पोरांच्या शाळेचा दाखला व रेशनकार्ड बरोबर द्यावे, कारण रेशनचे धान्य आता परप्रांतीही मिळू शकते. यास सरकारचा हुकूम लागत नाही, की पैसाही फारसा लागत नाही. पण ती वही गावात आहे हे मुकादमास ठाऊक झाले, तर त्याची स्वतःची वही पुष्कळ सरळ होईल. ज्याचा घाम त्याचा कागद, एवढे एक तत्त्व आपण गावोगाव धरून बसलो, तर कॅनडापासून बारडोलीपर्यंत जो प्रश्न मोठमोठ्या सरकारांस सुटत नाही, त्याची पहिली गाठ आपल्या चावडीवरच सुटेल.