किती तपासले ते छापले, किती बरे झाले ते सांगा



जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या शिबिरांच्या बातम्या या आठवड्यात वाचल्या. दीपप्रज्वलन, मान्यवरांची नावे, तपासलेल्या रुग्णांचा आकडा, सारे त्यात होते. त्यातल्या किती जणांचे उपचार पुढे चालू राहिले आणि किती बरे झाले, हे मात्र कुठेच नव्हते. क्षयरोग्याचे नाव निक्षय पोर्टलवर चढते, तो बरा झाला की त्याने उपचार सोडले याची नोंद होते. मग जीव घाबरा होऊन रात्र रात्र जागणाऱ्या माणसाची का होत नाही?

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार चिंता, नैराश्य अशा नेहमीच्या मानसिक आजारांच्या १०० रुग्णांपैकी ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. हे सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले त्यांत शेजारचे छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. ८५चा तो आकडाही आपला नाही! गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा, भामरागडकडे तो याहून कमी असेल, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगावे.

चिंताविकार बरा होतो, म्हणून तर चीड येते. पण गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, बरे वाटल्यावरही त्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, जोडीला समुपदेशन लागते. एका दिवसाच्या शिबिरात यातले काय होणार? औषधासाठी दर महिन्याला गडचिरोली गाठायची तर मजुरी बुडते, म्हणून हातातल्या गोळ्या संपल्या की उपचार संपतात. पुन्हा छाती धडधडली की गावात सलाईन, तालुक्याला ईसीजी, 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' आणि झोपेची गोळी. ती मग सुटता सुटत नाही.

वाघाच्या पट्ट्यात तर याहून वाईट. मे २०२५मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी हल्ल्यात गेल्या. मृताच्या वारसांना २५ लाख मिळतात, जखमीला मदत मिळते. पण असे हल्ले डोळ्यांदेखत पाहून जे पळत गावात येतात, त्यांना कोण विचारते? ज्याची भीती वाटते त्याला हळूहळू सामोरे जा, असे मानसोपचार सांगतो. इथे वाघ खरोखर आहे आणि मोहफूल-तेंदूशिवाय घर चालत नाही. या बायाबापड्यांना शहरी समुपदेशनाचा छापील कागद काय कामाचा? वनविभाग पंचनाम्याला जातो, त्याच आठवड्यात समुपदेशक घरी गेला पाहिजे आणि पुढे वर्षभर जात राहिला पाहिजे.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ने उपचारांचा हक्क दिला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चिंता-नैराश्यावरच्या गोळ्या ठेवाव्यात, आशाताईंना पाठपुराव्याचा वेगळा मोबदला द्यावा आणि सहा महिन्यांनी किती रुग्ण बरे झाले, ते केंद्रनिहाय जाहीर करावे.

मानसिक आरोग्याच्या 'टेली मानस' हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकाचे फलक आता जागोजागी दिसतात. पण एटापल्ली-भामरागडच्या कितीतरी गावांत फोनला रेंज नाही. तिथे टॉवर कधी उभे राहणार, याची तारीख दूरसंचार विभागाने द्यावी.

— एक निवृत्त शिक्षिका, जि. चंद्रपूर