बशी परत द्या!

हल्ली हॉटेलात सकाळी चहा मागवला की कागदी पेला येतो, नाहीतर तांब्याएवढा मग. बशी येत नाही. याविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही, म्हणून हा लेखी निषेध.

बशीतून फुर्रर्र करून पिणं म्हणे गावंढळ! अहो, ते शास्त्र आहे. बशी पसरट, त्यामुळे चहाला हवा जास्त लागते, वाफ भराभर निघून जाते आणि जीभ न पोळता लोकल गाठता येते. मगवाले फुंकर घालीत बसतात नि लोकल जाते.

जुन्या इराण्यांना हे ठाऊक होतं. मुंबईत धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, पुण्यातलं गुडलक १९३५चं. तिथला न्याहारीचा थाट तो काय? कडक ब्रून, त्यावर मस्का, तो चहात बुडवायचा आणि वर तरंगणाऱ्या लोण्यासकट उरलेला चहा बशीत ओतून संपवायचा.

पण खरा मुद्दा हिशेबाचा. खिशात एकाच चहाचे पैसे आणि समोर मित्र. अशा वेळी अर्धा चहा बशीत ओतून घ्यायचा, कप त्याच्यापुढे सरकवायचा. झालात की यजमान! कुणी म्हणेल, कटिंग आहे की. आहे, पण दोन कटिंग म्हणजे दोन पेले, आपापला आपापल्या हातात. आणि मगातला चहा वाटून दाखवाच! रिकामा मग मागितला तर वेटर आधी आपल्या चपलांकडे बघतो.

कमी पैशात दुसऱ्याला पाजायची सोय होती, ती काढून घेतलीत. शेटजी, हवा तर रुपया जास्त लावा, पण कपाखाली बशी ठेवा. फुटली तर भरून देऊ.