मोटार जळते जोडापायी

उन्हाळी धान निसवायला लागला की माझ्या वाइंडिंगच्या दुकानात मोटारींची रीघ लागते. पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढा-कोसरा पट्ट्यातला शेतकरी मोटार उतरवतो आणि म्हणतो, "व्होल्टेजच नाही, काय करता!" व्होल्टेज कमी असतं, हे खरंच. पण बॉडी उघडली की बऱ्याचदा वेगळंच दिसतं. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल कोळसा झालेल्या आणि तिसऱ्या फेजच्या मात्र वार्निशनं अजून चकाकतात. कमी व्होल्टेजनं मोटार तापली तर सगळ्या कॉइल सारख्याच करपतात. इथे एक फेज वाटेतच गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनवर घुरघुरत राहिली. त्यात स्टार्टरचा रिले 'डायरेक्ट' केलेला. मग तिला वाचवणार कोण?

फेज जातो तो जोडाला. डीपीवरून येणारी केबल ॲल्युमिनियमची, मोटारीची तार तांब्याची. दोन्ही पकडीनं पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची, झालं काम. ॲल्युमिनियमला हवा लागली रे लागली की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो वीज अडवतो. तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं. शिवाय नरम, त्यामुळे नटाखाली दबत जातं आणि थंड झालं की जोड ढिला. त्यावर दव पडलं, पावसाचं पाणी मुरलं की दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि त्यात खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. असा जोड सोडला की आत पांढरी भुकटी निघते, तारेवरचं प्लास्टिक कडक, तपकिरी झालेलं असतं.

यावर उपाय आहे, तो बाजारात मिळतो आणि आपण तो वापरत नाही. बायमेटल लगचं नळकांडं ॲल्युमिनियमचं आणि पट्टी तांब्याची असते, दोन्ही कारखान्यातच एकजीव केलेली. बायमेटल वॉशर तर दोन थरांच्या पत्र्यातून कापतात. तो पत्रा करताना दोन्ही धातू तारेच्या ब्रशनं खरवडतात, एकावर एक ठेवून रोलखाली एका दमात निम्म्याहून पातळ करतात. दाबानं पापुद्रा फाटतो, भेगांतून ताजा धातू वर येतो आणि तिथे दोन्ही एकमेकांना धरतात. मग बेताची ऊब. आच जास्त झाली तर मध्ये दोन्ही धातूंचा ठिसूळ थर वाढतो आणि पत्रा सुटतो. चांगल्या जोडात हवा-पाणी शिरायला जागाच उरत नाही. वॉशर बसवताना पांढरी बाजू ॲल्युमिनियमकडे, तांबडी तांब्याकडे. उलटा बसवलेलाही मी पाहिला आहे!

काही जण म्हणतात, सगळी केबलच तांब्याची टाका. तिचा खर्च कोण देणार, आणि ती रात्री शेतात राहील का? ॲल्युमिनियम वाईट नाही. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या साठ टक्के वीज ते वाहून नेतं आणि वजन तिसऱ्या हिश्शाहून कमी. फसवणूक वेगळी असते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर चढवलेली तार केबल टीव्हीसाठी ठीक, पण कुणी ती निखळ तांब्याची म्हणून वाइंडिंगला विकली तर ती लबाडी. ब्लेडनं खरवडा, आत पांढरी दिसते.

माझी मागणी लहान आहे. शेतीपंपाच्या जोडणीच्या अंदाजपत्रकात खांब, केबल, मीटर यांच्यासोबत बायमेटल लगची स्वतंत्र ओळ हवी. ठेकेदाराचं बिल जोड उघडून पाहिल्याशिवाय निघू नये. लग पकडीनं चेपून चालत नाही, म्हणून लाइनमनच्या पिशवीत क्रिम्पिंगचं हत्यार हवं. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारं, 1989 मध्ये स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू केंद्र नागपूरजवळ वाडीला आहे. बाजारातल्या लगची तिथे तपासणी करून घ्या आणि कोणते टिकतात त्याची यादी मराठीत छापून ग्रामपंचायतींना द्या. हे लिहून मी माझ्याच गिऱ्हाइकीवर पाणी सोडतोय, असं बायको म्हणते. पण बेअरिंगं झिजतच राहणार, तेवढं काम मला पुरे.