गणित आधी सुटलेल्या मुलाचे काय?

गुरुजींनी फळ्यावर गणित घातले, वर्ग वहीत डोके घालून बसला आणि एका मुलाचे उत्तर दोन मिनिटांत तयार झाले. आता तास संपेपर्यंत त्या मुलाने काय करायचे? आपल्या शाळांत याची उत्तरे ठरलेली आहेत. बाकीच्यांच्या वह्या तपास. वर्गावर लक्ष ठेव, बोलेल त्याचे नाव फळ्यावर लिही. ऑफिसातून हजेरीपट आण. यातले काहीच नसेल तर हाताची घडी, तोंडावर बोट. पहिलीपासून आठवीपर्यंत रोज अशी थोडी थोडी वाट पाहणारे मूल एक गोष्ट मात्र पक्की शिकते: शाळेत फार डोके चालवून उपयोग नाही. यंदाचा दिवाळी अंक आम्ही त्या मुलासाठी काढला आहे.

विषय ठरला तेव्हा काही जाणत्या मंडळींनी हरकत घेतली. ज्या वर्गात कित्येक मुलांना अजून धड वाचता येत नाही, तिथे हुशारांची काळजी कशाला? हुशार मूल आपले आपण शिकते, असे त्यांचे म्हणणे. हरकत प्रामाणिक आहे, म्हणूनच तिला उत्तर द्यायला हवे. नांदेड-लातूरच्या सुखवस्तू घरातले हुशार मूल आपले आपण शिकते असे आपल्याला वाटते, कारण त्याच्यामागची पुस्तके, शिकवणी आणि शिकलेले आईबाप आपल्याला दिसत नाहीत. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात यातले काय आहे? सोयाबीन, तूर, हळद आणि पावसाच्या लहरीवर चालणारे हे गाव. 2023 च्या नोव्हेंबरात इथल्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडायला पैसा नाही म्हणून आमचे अवयव विकत घ्या, असे सरकारला कळवले, तेव्हा महाराष्ट्राने गोरेगावचे नाव ऐकले. 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातले काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. अशा घरातल्या मुलाला शाळेच्या वेळात जे मिळेल तेवढेच मिळते. त्याची बुद्धी वाढायची तर ती त्याच वर्गात, त्याच गुरुजींच्या हाताखाली वाढेल. तिथे ती वाढली नाही, तर दुसरी जागा नाही.

20 मे 2025 रोजी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यांच्या लहानपणीची एक हकीकत अनेकांना ठाऊक आहे. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घराच्या भिंतीवर मुलांसाठी फळे होते. शिकायला म्हणून घरी राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवत आणि वर लिहीत की हे जयंतसाठी आव्हान. गणित सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते तसेच राहायचे. त्याला गुण नव्हते, बक्षीस नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती. नारळीकरांसारखे घर गोरेगावात कुणाला मिळणार, हे खरे. पण मोरूमामांच्या त्या युक्तीला लागले काय? फळ्याचा एक कोपरा, खडूचा तुकडा आणि या पोराला याहून अवघड काही झेपेल असे वाटणारा एक मोठा माणूस. यातले पहिले दोन आपल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आहेत. तिसऱ्याची उणीव आहे, आणि या अंकाचा सगळा खटाटोप ती भरून काढण्यासाठी आहे.

हुशार मुलांसाठी आपण काहीच करत नाही असे नाही. आपण परीक्षा घेतो. शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, आठवीला गरीब घरांतल्या मुलांसाठीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नवोदयची निवड चाचणी आहे. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये निघाली. आपल्या जिल्ह्याचे वसमतला आहे. सहावीच्या वर्गात जागा 80, त्यातल्या किमान पाऊणशे टक्के ग्रामीण मुलांसाठी. हे विद्यालय आहे म्हणून कित्येक गरीब घरांतली मुले पुढे गेली, त्याचे मोल कमी लेखायचे नाही. एनएमएमएसचे महिना 1000 रुपये एखाद्या मुलीची शाळा बारावीपर्यंत टिकवतात, तेही मोठे आहे. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा मात्र 2021 नंतर थांबलेली आहे, आणि ती पुन्हा सुरू व्हावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण या सगळ्या परीक्षा निवडतात. त्या वाढवत नाहीत. चाळणीतून 80 मुले वर राहिली, बाकीच्यांचे काय? एका गुणाने हुकलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसतो आणि त्याच्यासाठी शाळेकडे पुढे काहीच नसते. उलट वर्षभर प्रश्नसंच सोडवून तो थकलेला असतो, आणि आपण नापास झालो हे एवढेच त्याच्या लक्षात राहते.

आपल्याच मातीतली एक कथा इथे आठवते. संत नामदेवांचे जन्मगाव नर्सी हिंगोलीपासून जवळच. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेव कच्चे मडके ठरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुढचा भाग आपण घाईने सांगतो. चाचणीत नापास झालेल्या नामदेवांना कुणी घरी बसवले नाही. विठ्ठलाने त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवले, आणि नागनाथाच्या देवळात त्यांना गुरू भेटला. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, त्यालाही शिकवणारा लागलाच. थापटणे मारणारे आज आपल्याकडे पुष्कळ आहेत. विसोबांची वाण आहे.

महाराष्ट्रात या कामाचा अनुभव नवा नाही. अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि 1969 मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला उभी केली. किल्लारीच्या भूकंपानंतर प्रबोधिनीचे काम आपल्या मराठवाड्यात, लोहारा तालुक्यातल्या हराळीलाही उभे राहिले. तरीही वेगळ्या शाळेत किती मुले जाणार? आम्हाला त्याहून जवळचा वाटतो तो होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 1980 च्या दशकातला प्रयोग. वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांमध्ये प्रज्ञेचा शोध घेतला आणि तिची जोपासना केली. मुले मागे पडत होती त्याचे एक मोठे कारण बुद्धीत नव्हते, पुस्तकाच्या भाषेत होते. विज्ञानाची वाक्ये सोपी केली, मुलांना बोलते केले, प्रयोग हाती दिले, की तीच मुले उभी राहिली. ज्यांच्या घरी तांड्याची किंवा गावाची बोली बोलली जाते अशा मुलांच्या प्रत्येक शिक्षकाने हा अनुभव ध्यानात ठेवावा. पेपरात उत्तर लिहिता आले नाही म्हणजे कळले नाही, असे नव्हे. हुशार मूल ओळखायचे तर त्याच्या गुणपत्रिकेच्या आधी त्याचे प्रश्न ऐकावे लागतात. अक्षर खराब, वही अपुरी, पण विहिरीतल्या पाण्यात काठी वाकडी का दिसते हे विचारणारे पोर कुठल्याही यादीत पहिले येत नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्या काकांजवळ तासन् तास बसणारेही येत नाही.

शिक्षकांची अडचण आम्हाला माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या 60 मुलांना दोन शिक्षक. म्हणजे एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग, शिवाय ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचे काम. त्यांना आणखी एक काम सांगणे बरे दिसत नाही. पण याच बहुवर्गाच्या खोलीत एक सोय दडलेली आहे, जी शहरातल्या मोठ्या शाळेला नाही. तिसरी आणि पाचवी एकाच खोलीत बसते. तिसरीतल्या मुलीला अपूर्णांक कळत असतील, तर तिने गणिताच्या तासाला सतरंजीवरून चार हात सरकून पाचवीत बसायचे आणि मराठीला परत यायचे. त्यासाठी कुणाचा आदेश लागत नाही, वर्ग बदलावा लागत नाही, पटावरचे नाव हलत नाही. तिला तिच्या वयाच्या मैत्रिणीही सुटत नाहीत. कित्येक जुन्या गुरुजींनी हे केले, त्याला नाव दिले नाही एवढेच.

दुसरी गोष्ट, लवकर झालेल्या मुलाला त्याच प्रकारची आणखी वीस गणिते देऊ नयेत. ती शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी मूल मुद्दाम सावकाश करते. वीसऐवजी एकच द्यावे, पण वेगळे. गावातल्या शेततळ्यात किती पाणी मावेल ते मोजून सांग. हळद शिजवून वाळवल्यावर वजन किती घटते, ते घरी तोलून लिहून आण. उत्तर चुकले तरी चालेल, रीत सांगता आली पाहिजे. आणि या मुलांना फुकटचे मॉनिटर करू नये. दुसऱ्याला समजावणे चांगलेच, पण रोज तेच केले तर त्यांचे स्वतःचे शिकणे थांबते.

मुलींबद्दल वेगळे लिहायलाच हवे. हुशार मुलगी वर्गात त्रास देत नाही, म्हणून ती कुणाच्या नजरेत भरत नाही. तिची वही नमुना म्हणून दाखवली जाते, तिला अवघड प्रश्न मात्र कुणी घालत नाही. सातवी किंवा दहावीनंतर पुढची शाळा गावाबाहेर, बस वेळेवर नाही, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू. तिच्या गुरुजींनी किंवा मॅडमनी एकदा घरी जाऊन ही मुलगी शिकली पाहिजे असे सांगितले, तर बापाच्या मनावर त्याचे वजन पडते. या भागात शिक्षकाच्या शब्दाला अजून किंमत आहे.

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेसाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. नारळीकर ज्या आयुकाचे संस्थापक संचालक होते, ती पुण्याची संस्था या कामात आहे. त्याच आयुकातले संजीव धुरंधर यांनी या लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या गणितावर, 2015 मध्ये पहिली लहर सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधी, काम केले होते. जगभरचे शास्त्रज्ञ हिंगोली जिल्ह्यात येतील. आपल्या जिल्ह्यातली मुले तिथे फक्त पहाऱ्याच्या आणि साफसफाईच्या नोकरीला लागली, तर तो दोष त्या मुलांचा नसेल. वेधशाळा चालू होईल तेव्हा जे तिथे संशोधक म्हणून जाऊ शकतील, ते आज आपल्या प्राथमिक शाळांत बसलेले आहेत.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रज्ञेच्या मुलांना वर्गातच जास्तीचे साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, शाळांत विषयांची मंडळे काढावीत, असे लिहिले आहे. ते आपल्या केंद्रशाळेपर्यंत यायला परिपत्रकाची वाट पाहू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वाचकहो, तुमच्यापैकी जे या समित्यांवर आहेत त्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीत हा विषय काढावा: आपल्या शाळेत लवकर होणारी मुले कोण, आणि त्यांना आपण काय देतो? शिक्षक मित्रांनी आपले प्रयोग, फसलेलेसुद्धा, आम्हाला लिहून पाठवावेत. आलेले प्रयोग आम्ही छापून तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत पोचवू.